कुठला अहवाल? : 'कॅल्व्हरी' हा चित्रपट सोर्स म्हणून वापरताना

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांना एक प्रश्न पडतो आणि तो विचारायला थोडी लाजही वाटते: इतिहासाच्या संशोधनात चित्रपट सोर्स म्हणून चालतो का? कागद चालतो, शिलालेख चालतो, मुलाखत चालते. पण चित्रपट, आणि त्यातही विनोदी?

मी मूळची स्टॅटिस्टिक्सची. एम.एस्सी. करून मग इतिहासाकडे वळले, त्यामुळे 'डेटा' या शब्दावर माझा जरा जास्तच जीव आहे. माझा विषय मुंबई इलाख्यातल्या रिफॉर्मेटरी शाळांचा. त्यातलं एक प्रकरण तुलनेचं आहे आणि तुलना आयर्लंडशी. कारण साधं आहे. आयर्लंडसाठी इंडस्ट्रियल स्कूल्सचा कायदा १८६८ साली झाला, भारतात रिफॉर्मेटरी स्कूल्सचा कायदा १८७६ साली. राज्य एकच, आणि गरिबाच्या पोराला चार भिंतींत ठेवून 'सुधारायचं' ही कल्पनाही एकच. त्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात मी 'कॅल्व्हरी' या आयरिश चित्रपटावर दोन पानं लिहिली आणि ती नेमकी चुकली. कशी चुकली ते सांगते, म्हणजे तुमचा एक महिना वाचेल.

आधी चित्रपट. 'कॅल्व्हरी' २०१४ चा. लेखन-दिग्दर्शन जॉन मायकल मॅकडोना याचं. ('बॅन्शीज ऑफ इनिशेरिन'वाला मार्टिन मॅकडोना हा त्याचा भाऊ. दोघांची गल्लत सगळेच करतात, तुम्ही फुटनोटमध्ये तरी करू नका.) आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं स्लायगो काउंटीतलं एक लहानसं गाव, मागे बेन बल्बेनचा सपाट माथ्याचा डोंगर, पुढे समुद्र. ब्रेंडन ग्लीसननं तिथल्या फादर जेम्सची भूमिका केलीये. पहिल्याच दृश्यात तो कन्फेशन बॉक्समध्ये बसलेला आहे. जाळीपलीकडून एका पुरुषाचा आवाज येतो. वयाच्या सातव्या वर्षापासून एका धर्मगुरूनं आपल्यावर लैंगिक अत्याचार केले, असं तो सांगतो. तो धर्मगुरू आता मेलाय. आणि वाईट धर्मगुरूला मारून काय उपयोग, म्हणून हा माणूस एका चांगल्या धर्मगुरूला मारणार आहे, म्हणजे फादर जेम्सलाच. पुढच्या रविवारी, समुद्रकिनाऱ्यावर. तोवर सगळी आवराआवर करायला त्याला वेळ दिलेला आहे.

पुढचा आठवडा म्हणजे चित्रपट. फादर गावभर फिरतो. खाटीक, त्याची बायको, तिचा मित्र असलेला मोटार मेकॅनिक, नास्तिक डॉक्टर, पबचा मालक, पोलीस इन्स्पेक्टर, म्हातारा लेखक, बँकिंगमध्ये पैसा केलेला आणि आता एकटा पडलेला श्रीमंत माणूस. प्रत्येकाचं काहीतरी दुसऱ्याशी अडकलेलं. प्रत्येकजण फादरला टोमणे मारतो, चिडवतो, अपमान करतो, आणि आपण हसतो. बरेचदा हसू येतं तेव्हाच आपल्याला जरा अपराधी वाटतं. आवाज कोणाचा हे फादरला पहिल्यापासून माहीत आहे, आपल्याला नाही. (मीही सांगणार नाही.)

आता माझी चूक. मसुद्यात मी लिहिलं होतं की, 'कॅल्व्हरी'मध्ये रायन अहवालानंतरचा आयरिश समाज दिसतो. गाईड मॅडमनी समासात दोनच शब्द लिहून पाठवले: "कुठला अहवाल?"

मला आधी कळलंच नाही. मग बसून पाहिलं.

रायन अहवाल २० मे २००९ रोजी प्रसिद्ध झाला. पाच खंड, साधारण २,६०० पानं. तो इंडस्ट्रियल स्कूल्स आणि तशा निवासी संस्थांबद्दल आहे. सरकार दर मुलामागे ठरावीक रक्कम देणार आणि चर्चचे संघ शाळा चालवणार, अशी ती व्यवस्था होती. मुलं कमी झाली की पैसे कमी, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तिथे गेलेली बहुतेक मुलं गुन्हेगार नव्हती, गरीब होती. कोर्टानं त्यांना सोळा वर्षांची होईपर्यंत पाठवलेलं असे.

'कॅल्व्हरी'तला माणूस अशा कुठल्याही शाळेत नव्हता. त्याच्यावर अत्याचार करणारा धर्मगुरू चर्चमधला, वस्तीतला. अशा प्रकरणांचे अहवाल वेगळे आहेत. फर्न्स धर्मप्रांताचा २००५ चा, डब्लिनचा म्हणजे मर्फी अहवाल नोव्हेंबर २००९ चा, क्लॉइनचा जुलै २०११ चा. तिथे चौकशी वेगळ्याच गोष्टीची झाली: तक्रार आल्यावर बिशपांनी काय केलं? रायन अहवालातला मुलगा भिंतीआड होता. फर्न्स, डब्लिन आणि क्लॉइनमधलं मूल घरी राहत होतं, रोज शाळेत जात होतं, रविवारी आईवडिलांबरोबर त्याच माणसापुढे प्रार्थनेला बसत होतं. या दोन परिस्थिती मी एका वाक्यात कोंबल्या होत्या, कारण दोन्हीकडे 'आयर्लंड', 'चर्च' आणि 'मुलं' हे शब्द होते. कीवर्ड जुळले म्हणजे विषय जुळला असं नसतं. माझ्यासारख्या सायन्सवाल्यांना हे आधी कळायला हवं, पण आम्हीच जास्त फसतो.

इंडस्ट्रियल स्कूलवरचा चित्रपटच हवा असेल तर तो 'द बुचर बॉय'. पॅट्रिक मॅकेबची कादंबरी १९९२ ची, नील जॉर्डनचा चित्रपट १९९७ चा. तीही काळी विनोदी गोष्ट, तेही छोटं गाव: मोनॅहन काउंटीतलं क्लोन्स, १९६० नंतरची सुरुवातीची वर्षं, क्यूबाच्या क्षेपणास्त्रांची भीती. फ्रॅन्सी नावाचा मुलगा घर मोडल्यावर धर्मगुरूंच्या शाळेत पाठवला जातो आणि तिथला एक फादर त्याचा गैरफायदा घेतो. आता तारखा नीट बघा. आयर्लंडला हादरवणारी मेरी राफ्टरीची 'स्टेट्स ऑफ फिअर' ही टीव्ही मालिका १९९९ ची. पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी सरकारतर्फे माफी मागितली ती ११ मे १९९९ ला, आणि चौकशी आयोग त्यानंतरचा. म्हणजे कादंबरी आणि चित्रपट दोन्ही आधीच आले होते. त्याही आधी, १९८३ साली, लेटरफ्रॅकच्या इंडस्ट्रियल स्कूलमध्ये राहून आलेल्या मॅनिक्स फ्लिननं 'नथिंग टू से' ही कादंबरी लिहिली होती.

'सत्य आधी कळलं, मग कलेत आलं' हा क्रम आपण गृहीत धरतो. इथे तो उलटा आहे. 'द बुचर बॉय' अधिकृत अहवालाच्या आधीचा आहे, 'कॅल्व्हरी' सगळे अहवाल येऊन गेल्यावरचा. सोर्स म्हणून दोघांना एकच प्रश्न विचारता येत नाही. पहिल्याला विचारायचं: जे कागदावर नव्हतं ते लोकांना किती ठाऊक होतं? दुसऱ्याला: सगळं कागदावर आल्यावर लोक एकमेकांशी कसे बोलू लागले?

'कागदावर नव्हतं' असं मी म्हटलं खरं, पण तेही पूर्ण बरोबर नाही. पीटर टायरेलची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

टायरेल १९१६ साली जन्मला, आठव्या वर्षी लेटरफ्रॅकला गेला आणि १९३२ पर्यंत तिथे होता. पुढे शिंपीकाम, ब्रिटिश सैन्य, युद्ध, जर्मनांच्या कैदेत काही काळ. मार तो विसरला नाही. १९५८ च्या सुमारास त्यानं सिनेटर ओवेन शीही-स्केफिंग्टन यांना लिहायला सुरुवात केली. शाळांमधली मारहाण बंद व्हावी म्हणून बोलणारा हा बहुधा एकटाच राजकारणी त्या वेळी होता. त्यांनी टायरेलला सांगितलं, सगळं लिहून काढ. त्यानं लिहिलं आणि पाठवलं. छापायला कोणी तयार झालं नाही. एप्रिल १९६७ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर टायरेलनं स्वतःला जाळून घेतलं. मृतदेह कोणाचा हे कळायला जवळजवळ एक वर्ष लागलं. ते कळलं एका पोस्टकार्डाच्या तुकड्यामुळे, आणि त्यावर नाव होतं स्केफिंग्टन यांचं.

हस्तलिखित कुठे होतं? स्केफिंग्टन यांच्या कागदपत्रांत, आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. डिअरमिड व्हेलन नावाच्या इतिहासकाराला ते तिथे सापडलं आणि २००६ साली 'फाउंडेड ऑन फिअर' या नावानं पुस्तक निघालं. लिहून झाल्यावर जवळपास पन्नास वर्षांनी. साक्ष होती, कागद होता, पेटीही होती. ऐकणारा एकच माणूस होता, आणि तोही १९७० मध्ये गेला.

हे वाचलं आणि 'कॅल्व्हरी'चं पहिलं दृश्य मला पुन्हा बघावंसं वाटलं. जाळीपलीकडचा माणूस त्याचं पहिलं, अंगावर काटा आणणारं वाक्य बोलतो. त्यावर फादर जेम्स काय म्हणतो? सुरुवातीचं वाक्य म्हणून हे दचकवणारं आहे खरं, अशा अर्थाचं काहीतरी. म्हणजे तो साक्षीला उत्तर देत नाही, वाक्याला दाद देतो. समोरचा लगेच चिडून विचारतो, हा उपरोध आहे का? चांगल्या, सज्जन माणसाच्या तोंडून पहिल्या झटक्यात हे निघतं. प्रेक्षक इथे हसतो. मीही हसले होते.

दुसऱ्यांदा हसता आलं नाही, कारण तेव्हा माझ्या लॅपटॉपवर दुसऱ्या खिडकीत एक्सेल शीट उघडी होती. रायन आयोगाच्या गोपनीय समितीपुढे १,०९० माणसं बोलली, २१६ शाळा आणि संस्थांबद्दल. तिसऱ्या खंडात त्यांच्या सांगण्यातले तुकडे आहेत, नावांशिवाय. मी ते कोड करत होते: शारीरिक, लैंगिक, उपेक्षा, भावनिक, मुलगा की मुलगी, दशक. आणि शेवटच्या कॉलमला मी नाव दिलं होतं 'चांगला कोट'. प्रकरण तीनमध्ये कुठलं वाक्य उठून दिसेल, त्याची नोंद. फादर जेम्सनं जे केलं, ते मी कॉलम आखून करत होते.

आता गावाबद्दल. अशा चित्रपटांत सगळ्यांची आयुष्यं एकमेकांत गुंतलेली असतात. त्याकडे आपण कथा रंगवण्याची युक्ती म्हणून बघतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यानं त्या गुंत्याकडेच बघायला हवं. रायन अहवालाची प्रकरणं मोठ्या प्रमाणात संस्थेनुसार पाडलेली आहेत: आर्टेन, लेटरफ्रॅक, गोल्डनब्रिज. गाव त्यात कडेकडेनं येतं. मुलाला कोर्टापर्यंत नेणारा बालसंरक्षण संस्थेचा इन्स्पेक्टर (लोक त्याला 'क्रुएल्टी मॅन' म्हणत), सही करणारा न्यायाधीश, पळालेलं पोर परत शाळेत आणून सोडणारा पोलीस. हे सगळे कुठल्या ना कुठल्या गावात राहत होते, पबमध्ये बसत होते. 'कॅल्व्हरी'त उलट फक्त गाव आहे. खाटकाचं दुकान, पब, चर्च, ठाणं. धमकी देणारा यांतला कोणीही असू शकतो, म्हणून आपण प्रत्येकाकडे संशयानं बघतो. अहवाल वाचताना प्रश्न पडतो की यांतल्या किती जणांना माहीत होतं. दोन्ही सोर्स शेजारी ठेवले तर एकाची रिकामी जागा दुसऱ्यामुळे दिसते. पण शेजारीच ठेवायचे. माझ्यासारखे एकात एक घालायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट, आकडेवाल्यांसाठी. आयर्लंडच्या २०११ च्या जनगणनेत ८४ टक्के लोकांनी आपला धर्म रोमन कॅथलिक लिहिला. तीन वर्षांनी आलेल्या चित्रपटात मात्र फादरला कोणी धड नमस्कारही करत नाही. मग खोटं कोण बोलतंय? उत्तर चित्रपटाच्या सुरुवातीलाच आहे. धमकीनंतरच्या दृश्यात चर्च आहे, प्रार्थना चालू आहे, आणि तीच सगळी माणसं रांगेत येऊन फादरच्या हातून प्रसाद घेतात. तीच पुढे आठवडाभर त्याची चामडी सोलतात. जनगणनेचा रकाना आणि पबमधला टोमणा दोन्ही खरे. व्हेरिएबल वेगळे आहेत, इतकंच. १९७३-७४ च्या सर्वेक्षणात दर आठवड्याला चर्चला जाणारे कॅथलिक सुमारे ९१ टक्के निघाले होते. तो आकडा आणि २०११ चा ८४ टक्के हा आकडा एका आलेखावर जोडू नका. पहिला वागणुकीचा आहे, दुसरा ओळखीचा. (मी जोडला होता. हो, तोही मसुदा अजून जपून ठेवलाय.)

सुरातला बदल मात्र चित्रपटातच पकडता येतो. एक छोटं दृश्य आहे. गावाबाहेरच्या रस्त्यानं फादर जेम्स चालतोय, वाटेत एक लहान मुलगी भेटते, दोघं सहज गप्पा मारत जातात. इतक्यात गाडी येते, मुलीचा बाप उतरतो, तिला ओढून गाडीत बसवतो आणि फादरकडे असा बघतो की पुढे बोलायची गरजच राहत नाही. आता याच्या शेजारी पीटर लेननचा 'रॉकी रोड टू डब्लिन' हा माहितीपट ठेवून बघा, १९६७ चा. त्यात फादर मायकल क्लिअरी हॉस्पिटलमधल्या बायकांपुढे गाणं म्हणतात आणि सगळ्या खूश. ज्या वर्षी टायरेल जळून मेला, त्याच वर्षीची ही फिल्म. क्लिअरींना मूल होतं हे पुढे, ते गेल्यावर उघड झालं. कॅमेऱ्यासमोर सैलपणे वावरणारा एक धर्मगुरू आणि साध्या गप्पांसाठीही संशयात सापडलेला दुसरा, मधे ४७ वर्षं. कुठल्याही अहवालात तुम्हाला हा फरक एवढा स्पष्ट दिसणार नाही.

मग अहवाल सोडून चित्रपटच बघत बसायचे का? नाही. पण कागद मिळेलच हेही गृहीत धरू नका. ख्रिश्चन ब्रदर्स या संघानं आयोगाविरुद्ध कोर्टात दावा लावला. त्यानंतर २००४ मध्ये आयोगानं अत्याचार करणाऱ्यांची नावं न छापायचं ठरवलं. २००२ च्या कायद्यानं पीडितांना भरपाई देणारं मंडळ नेमलं. पण त्यात अट होती की, भरपाई घेणाऱ्यानं आपल्या अर्जाची आणि रकमेची माहिती प्रसिद्ध करायची नाही, केली तर तो गुन्हा. आणि २०१९ मध्ये एक विधेयक आलं: आयोगाची आणि भरपाई मंडळाची कागदपत्रं राष्ट्रीय अभिलेखागारात ७५ वर्षं बंद ठेवायची. अनेक पीडितांनी आणि इतिहासकारांनी विरोध केला. २०२० च्या सुरुवातीला संसद विसर्जित झाली आणि ते विधेयक बारगळलं. ७५ वर्षं म्हणजे तुम्ही-आम्ही सोडाच, आपले विद्यार्थीही निवृत्त होतील.

चित्रपटातही गुपिताचा प्रश्न येतो. फादर जेम्स बिशपकडे जातो. बिशप म्हणतो, त्या माणसाला पश्चात्ताप नाही, त्यानं क्षमाही मागितलेली नाही, तेव्हा कन्फेशनचं गुपित पाळायचं बंधन इथे लागू होत नाही. फादर तरीही पोलिसांना नाव सांगत नाही. हे दृश्य बघताना २०१२ चा कायदा लक्षात ठेवा: मुलांवरच्या अत्याचारांची माहिती दडवणं त्यानं गुन्हा ठरवलं, आणि तो येत असताना कन्फेशनच्या गुपिताचं काय यावर आयर्लंडमध्ये मोठा वाद झाला. आदल्या वर्षी, २० जुलै २०११ ला, पंतप्रधान एंडा केनी यांनी क्लॉइन अहवालावर बोलताना संसदेत थेट व्हॅटिकनवर टीका केली होती, आणि त्याच वर्षी व्हॅटिकनसाठीची आयरिश वकिलात बंद करायचा निर्णय झाला (कारण खर्चाचं दिलं होतं). म्हणजे बिशपच्या घरातलं हे संवादी दृश्य हवेतून आलेलं नाही. पण दिग्दर्शकानं ते या कायद्यामुळेच लिहिलं असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून थिसिसमध्ये मी फक्त 'त्याच काळात' असं लिहिलंय. 'मुळे' आणि 'त्याच काळात' यांत जे अंतर आहे ते व्हायवाला फार महाग पडतं.

शेवटाकडचं एक दृश्य सांगते, माणूस कोण ते न सांगता. किनाऱ्यावर दोघं समोरासमोर आहेत. आठवड्यात कोणीतरी फादरचा कुत्रा मारलेला असतो. तो माणूस विचारतो, कुत्रा मेला तेव्हा रडलास का? फादर म्हणतो, हो. मग तो विचारतो, तुझ्या जातभाईंनी मुलांचं काय केलं ते पेपरात वाचलंस तेव्हा रडलास का? फादर खरं सांगतो: नाही. त्याला ते सगळं आपल्यापासून लांबचं, अलिप्त वाटलं होतं.

सायन्समध्ये आम्हाला अलिप्त राहायलाच शिकवलेलं आहे, आणि ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. कोडिंग करताना हात थरथरला तर डेटा बिघडतो. पण ते दृश्य पाहिल्यावर मी शीटमधला 'चांगला कोट' हा कॉलम काढून टाकला. त्या जागी दुसरा घातला: 'तेव्हा कोणाला सांगितलं?' मग सगळा तिसरा खंड पुन्हा पहिल्यापासून वाचला. सात आठवडे गेले. त्या कॉलममध्ये आई आली, नन आली, डॉक्टर आला, पोलीस आला, कन्फेशनमधला फादरही आला. बऱ्याच ओळींत 'कोणालाच नाही'. आणि चित्रपटातलं ते गाव, त्यातला प्रत्येक धंद्याचा माणूस, मला त्या कॉलममध्ये हळूहळू दिसायला लागला.

मुंबईच्या कागदपत्रांसाठी आता तोच कॉलम वापरतेय. तिथे अजून बहुतेक रकाने रिकामे आहेत, कारण रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, वय, जात, गुन्हा आणि शिकवलेलं काम एवढंच आहे. सुतारकाम, शिंपीकाम, बागकाम. अहवाल नेटवर फुकट मिळतो. सुरुवात तिसऱ्या खंडापासून करा, आणि चित्रपट त्यानंतर बघा.